कॉरोनेशनचे अकरा तास

करोना हा शब्द सगळ्या जगाच्या तोंडी बसला त्याच्या दहा-बारा वर्षं आधी आमच्या शाळेतल्या दहावीच्या पोरांना तो माहीत होता. शब्द लॅटिन आहे, अर्थ मुकुट, मुकुट म्हणजे मुळात सोन्याचा नव्हे तर पानाफुलांचं कडं, आणि त्याच्याही आधी ग्रीकांकडे त्याचा अर्थ नुसती वाकलेली वस्तू असा होता, हे सगळं त्यांना पाठ होतं. अभ्यासक्रम मात्र पाठ नव्हता. पुस्तकातल्या एका धड्यात 'कॉरोनेशन', म्हणजे राज्याभिषेक, हा शब्द एकदाच, एका कडेला आला होता, आणि इंग्रजीच्या सरांनी त्या एका शब्दावर अकरा तास घेतले होते. अकरा तासांनंतरही तो संपला नव्हता.

शाळा तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाचवी ते दहावी. मी तिथली मुख्याध्यापिका, मूळची गणिताची. खरं तर सेवाज्येष्ठतेनं ती खुर्ची सरांची होती. त्यांनी पदोन्नती नको असं संस्थेला लेखी देऊन टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मुख्याध्यापकाले तास कमी भेटतात जी. दहावी तर भेटतच नाही." म्हणून खुर्ची माझ्याकडे आली. दहावीचं इंग्रजी सोडायला लागू नये म्हणून पगारवाढ आणि मान दोन्हीवर पाणी सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतः तसं केलं नसतं. मला मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती.

सर उंच, सडपातळ, सायकलवर यायचे. खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, आणि पिशवीत कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते एकेक शब्द लिहीत. गावात कोणाकडे लग्न झालं की उरलेल्या पत्रिका सरांसाठी ठेवलेल्या असत. त्यामुळे त्यांच्या कुठल्याही शब्दाची पाठ उलटून पाहिली की तिथं कुणाचा तरी मुहूर्त, कुणाचे तरी मामा-मामी आणि 'आपले विनीत'.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. पोरानं शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला की ते खूश होत नसत. म्हणत, "बरं. आता याचं घर कुठं?" घर म्हणजे तो शब्द कुठून निघाला, वाटेत कुठं कुठं मुक्काम केला, भाऊबंद कोण. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सर एवढंच म्हणाले, "कागद फुटला. तलाव कुठं फुटले?" आणि 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचं घर सांगायला लागले. आम्ही तासाला निघून गेलो.

कॉरोनेशनच्या दिवसांत त्यांनी भेटेल त्याला छळलं. न्हाव्याला विचारलं, डोक्याच्या मधोमध केस फिरतात त्या जागेला काय म्हणता. तो म्हणाला भोवरा. इंग्रजीत तोच क्राउन, असं त्याला सांगून ते अर्धी दाढी तशीच ठेवून लिहायला लागले. दाढेवर टोपी बसवून घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये आ करून प्रत्येकाला दाखवली. "यालेही क्राउनच म्हणतात. माझ्या दाढेचा राज्याभिषेक झाला." मग मला विचारलं, "मॅडम, लग्नात तुमच्या डोक्यावर काय होतं?"

"पदर," मी म्हटलं. आमच्या घरी आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हापासून बाशिंग नाही, मुंडावळ्या नाहीत. पांढरी साडी, वंदना, संपलं.

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. एका भल्यामोठ्या थाटाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

रोमन लोकांचे मुकुट तऱ्हेतऱ्हेचे होते, हे मला त्यांच्यामुळं कळलं. लढाईत आपल्या माणसाचा जीव वाचवणाऱ्याला ओक नावाच्या झाडाच्या पानांचा. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला भिंतीच्या आकाराचा. आणि सगळ्यांत मोठा मान कशाचा, तर गवताचा. वेढ्यात सापडलेली अख्खी फौज ज्यानं सोडवली त्याला तो मिळे, आणि सुटलेल्या शिपायांनी त्याच जागेचं गवत उपटून तो स्वतःच्या हातांनी करायचा. वरिष्ठांनी द्यायची सोय नव्हती.

भिंतीचा मुकुट समजावा म्हणून ते दहावीला आंबागडच्या किल्ल्यावर घेऊन गेले. मी सोबत गेले, कारण कोणी पडलं तर उत्तर मला द्यायचं होतं. पडक्या तटाखाली पोरं उभी करून सर म्हणाले, "वर शत्रू आहे. पहिला कोण चढते?" पोट्टे एकमेकांकडे पाहायला लागले. तोवर प्रणाली वर पोचली होती. ती आंबागडचीच, वडील जंगलात मजुरीला. चप्पल खाली सोडून, ओढणी कमरेला बांधून ती माकडासारखी गेली.

"उतर खाली!" मी ओरडले.

"मुकुट तिचा!" सर ओरडले.

ती वरून म्हणाली, "आधी मुकुट की आधी उतरू, ते सांगा जी!"

तर अशा शाळेत अध्यक्षांची एकसष्टी आली. अध्यक्ष म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. धानाचे मोठे शेतकरी, राइस मिल. माणूस वाईट नव्हता. शाळेचं छत त्यांनीच घातलं होतं आणि ते कोणाला विसरू देत नसत, एवढंच. हल्ली सत्कारात शाल-श्रीफळावर कोणाचं भागत नाही, मुकुट आणि तलवार लागते. तलवारीला मी नाही म्हटलं, शाळेत चालत नाही. मुकुट आणायला भंडाऱ्याला गेले. पितळेच्या दुकानात मुकुट हारीनं मांडलेले होते.

"मूर्ती किती फुटाची, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"साडेपाच."

"एवढी मोठी? देव कोणता?"

"अध्यक्ष."

तो हसला नाही. धंदेवाईक माणूस. म्हणाला, आमच्याकडं सगळ्यांत मोठं माप चार फुटी मूर्तीचं आहे, ते मोठ्या देवाले चालून जाते. मी तोच घेतला. बस सुटायची वेळ झाली होती. चूक माझीच. समारंभाच्या दिवशी तो मुकुट अध्यक्षांच्या डोक्यात शिरेना. वर ठेवला तर राहायचा, पण त्यांना मान हलवता येत नव्हती. पूर्ण भाषण त्यांनी समोरच्या खांबाकडे बघत केलं.

भाषण चांगलं चाललं होतं. मग त्यांना पोरांशी बोलावंसं वाटलं. "पोट्टेहो, सांगा बरं, मुकुट कोणाच्या डोक्यावर चढते?"

त्यांना 'मेहनत करणाऱ्याच्या' असं उत्तर हवं होतं. पाचवीच्या पोरांनी ते दिलंही असतं. पण पुढच्या रांगेत दहावी होती, आणि प्रणाली उभी राहिली.

"कोणता मुकुट जी? पानाचा, का भिंतीचा, का गवताचा?"

अध्यक्ष हसले. "वा! तीन-तीन असतात का? सांग."

तिनं सांगितले. खणखणीत, एकेक करून, कोणाला मिळतो आणि कोणी द्यायचा. गवताचा सांगताना तर मागची पोरंही तोंडातल्या तोंडात म्हणत होती. अध्यक्ष कौतुकानं ऐकत होते. मी सरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, गाणं ऐकावं तसे.

"आन् हा?" अध्यक्षांनी वर बोट केलं. "पितळेचा?"

प्रणाली विचारात पडली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पितळेचा सरांनी नाही शिकवला अजून. तो दुकानात भेटते मनते."

सभामंडप हसला. पालक हसले, खिचडीवाल्या बाई हसल्या, अध्यक्षांचा ड्रायव्हर हसला. अध्यक्षही हसले, पण त्यांची मान हलली आणि मुकुट खाली पडला. पितळेचा आवाज बराच वेळ राहतो.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. मुलीचं नाव त्यांनी काढलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. विचारलं, "दहावीचे इंग्रजीचे धडे किती झाले?"

दिवाळी होऊन गेली होती. मी खरं सांगितलं. निम्मेही नव्हते.

"मग तुम्ही घ्या दहावी. सरांले पाचवी द्या. त्याइले शब्दच शिकवायचे आहेत, तर लहान पोरांले शिकवा मना."

मी वाद घातला नाही. राग मुकुटाचा होता हे मला कळत होतं, पण धडे मागे होते हेही खरं होतं आणि मार्चमध्ये पेपर होता. सरांना बोलावलं. ते उभेच राहिले. मी सांगितलं. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. म्हणजे ज्या वर्गासाठी त्यांनी खुर्ची सोडली, त्याची शेवटची तुकडी मी त्यांच्याकडून काढून घेत होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दोन तास द्या," ते म्हणाले. "शब्द पुरा करतो. तोडून नका नेऊ जी, मधातून."

"सर, सहा धडे बाकी आहेत."

"बरं," म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातला खडू काढून माझ्या टेबलावर ठेवला. पाचवीसाठी नवा मागितला.

पोरं त्यांच्या घरी गेली. शब्दाचं पुढं काय झालं ते सांगा म्हणून. त्यांनी ओसरीवरही चढू दिलं नाही. "वर्ग मॅडमचा हाय. मी दुसऱ्याच्या बांधीत पाय नाही टाकत. जा, त्याइले विचारा." बांधी म्हणजे आमच्याकडं धानाच्या शेताचा एक तुकडा, चारी बाजूंनी बांध घातलेला. सर स्वतः दोन बांध्यांचे मालक होते आणि बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी पंधरा वर्षं बोलत नव्हते. बांधीचं ते गमतीनं म्हणत नव्हते.

मी शिकवलं. गाईड हातात घेऊन, प्रश्न क्रमांक, गुण, उत्तर, पाठ करा. पोरांनी पाठ केलं. सराव परीक्षेत पत्रलेखन आलं. अख्ख्या वर्गानं पत्र लिहिलं आणि पत्ता घातला: एबीसी रोड, एक्सवायझेड गाव. गाईडात तसंच छापलेलं होतं. बपेऱ्याचा पोरगा, आंबागडची पोरगी, सगळे एक्सवायझेड गावचे रहिवासी. प्रणालीसुद्धा. मी पेपर तपासत बसले होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तीन महिन्यांत मी चांगल्या पोरांचं काय केलं होतं ते टेबलावर गठ्ठा होऊन पडलं होतं.

सरांच्या घरी गेले. म्हटलं, दहावीत या. अध्यक्षांना मी पाहून घेईन.

"वर्ग तुमचा आहे."

"माझाच आहे, म्हणून बोलावते."

"नाही जी. दुसऱ्याले दिलेला वर्ग चोरून घ्यायचा नाही, आन् काढलेला वर्ग चोरून शिकवायचा नाही."

मला राग आला. मी बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली, आणि लावता लावता सुचलं. परत आत गेले.

"सर, धानाच्या रोवण्याला तुमच्याकडं माणसं कुठून येतात?"

"शेजारची. आज ते माझ्या बांधीत, उद्या आम्ही त्याइच्या."

"ती दुसऱ्याची बांधी नसते का?"

  ते म्हणाले, "अशा कामात एक कायदा असते. ज्याची बांधी, त्याचं पीक. मी तुमच्याकडं येईन तर तुमचंच पीक रोवीन. तुम्ही माझ्याकडं याल तर माझं."

"कबूल," मी म्हटलं. काय कबूल केलं ते घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या तासाला ते दहावीत, मी पाचवीत. त्यांनी माझ्याकडून लेखी यादी घेतली, काय शिकवायचं त्याची. आणि तंतोतंत तेच शिकवलं. पत्रलेखन, वृत्तलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आपापल्या घराचा पत्ता इंग्रजीत लिहायला लावला, आणि ज्यांच्या घराला पत्ताच नव्हता त्यांना तो बनवून दिला, 'तलावाच्या पाळीजवळ, मोहाच्या झाडासमोर' असा. पोरांनी विचारलं, सर, शब्द? ते म्हणाले, "यादीत नाही." बाकी एक अक्षर नाही. मी भिंतीपलीकडे होते, मला ऐकू येत असे.

माझ्या हातात त्यांनी कार्डांचा गठ्ठा दिला होता. पाचवीला मी गणिताशिवाय आयुष्यात काही शिकवलं नव्हतं. आता मी फळ्यावर सूर्य काढत होते, खग्रास ग्रहणात त्याच्याभोवती दिसणारं तेजाचं कडं दाखवायला, कारण त्यालाही तोच शब्द. हृदयाभोवतीच्या रक्तवाहिन्या काढत होते. कडं केल्यासारख्या वेढतात म्हणून त्यांना कॉरोनरी म्हणतात. कार्डाच्या पाठीवर कोणा चि. राजूचं लग्न. एक बारका पोरगा म्हणाला, "म्याडम, हृदयाले मुकुट, मंग आमी सगळेच राजे का?" मी म्हटलं, पुढं लिही. पण ते मी सरांना सांगितलं, आणि त्यांनी त्यावर नवीन कार्ड केलं.

फेब्रुवारीत अध्यक्ष न सांगता आले. आधी दहावीच्या खिडकीत उभे राहिले. आत सर सांगत होते, "पत्ता उजव्या कोपऱ्यात. स्वतःचा." अध्यक्षांना ते आवडलं असावं. मग पाचवीच्या दारात आले. मी फळ्याशी, हातात खडू, बोटं लाल, आणि फळ्यावर कावळ्याची वाकलेली चोच, राजाचं डोकं, दाढ आणि सूर्य.

"मॅडम, हे काय होऊन राहिलं?"

"इंग्रजी."

"मी तुम्हाले दहावी घ्याले सांगतलं होतं."

"दहावी माझीच आहे. सर माझ्या बांधीत आलेत, मी त्यांच्या."

धानाचा माणूस, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. ते दारातच थांबले. नोकरी गेली तर जाईल, असं मी काही मनात म्हटलं नाही. मी एवढंच मोजत होते की मुलीच्या फीचा शेवटचा हप्ता भरायला किती महिने बाकी आहेत.

"आन् दहावीत पीक कोणाचं?"

"माझं."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. दाढेवर त्यांची नजर जरा जास्त थांबली. "आन् हे त्याइचं."

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आपापल्या वेळेवर कापणी करजा." आणि गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही.

दहावीत त्या वर्षी इंग्रजीत तीन पोरं नापास झाली. सरांच्या हातून दरवर्षी साधारण तेवढीच होत. तेव्हा माझ्या गाईडामुळे फायदा झाला की त्यांच्या पत्त्यांमुळे, याचा हिशेब लागत नाही. प्रणाली पास झाली, पुढं नर्सिंगला गेली. सर शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले आणि भाषणात आभाराचं एकच वाक्य बोलले. आता ते नाहीत. कार्डांची पिशवी त्यांच्या मुलानं मला आणून दिली. त्याला ती कुठं ठेवावी कळेना. मलाही कळलेलं नाही.

पण निकालाच्या आधीचा एक शुक्रवार सांगायचा राहिला. परीक्षेआधीचा शाळेचा शेवटचा शुक्रवार. चौथ्या तासाला सर यादी घ्यायला आले. यादीत वृत्तलेखनाची उजळणी होती. मी कागद परत घेतला.

"बांधी माझी, पीक माझं. बरोबर?"

"बरोबर."

"मग आज शब्द पुरा करा."

त्यांनी कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "वृत्तलेखन कच्चं आहे पोट्ट्यांचं."

"ते मी उद्या बघते."

"कार्डं तुमच्यापाशी आहेत."

"लागतात का?"

लागत नव्हती. ते गेले. भिंतीपलीकडे आधी एकदम गलका झाला आणि मग एकदम शांतता. मी पाचवीला पाढे म्हणायला लावले, हळू आवाजात. सरांचा आवाज मधूनच येत होता. मेलेल्या माणसाची राजाच्या वतीनं चौकशी करणारा अधिकारी, कॉरोनर, त्याचं नावही मुकुटावरूनच पडलं, असं काहीतरी. मग प्रणालीचा प्रश्न, मग हसणं, मग पुन्हा सर.

तास संपायला आला. शिपाई दारात येऊन उभा राहिला, हातात घंटेचा टोला.

"मॅडम, देऊ?"

चौदा वर्षांच्या नोकरीत मी घंटा एक मिनिट मागं-पुढं होऊ दिली नव्हती. शिपाई त्यावरून माझी नक्कल करतो, हे मला माहीत होतं.

"थांब जरा," मी म्हटलं.

तो दहा मिनिटांनी परत आला. पुन्हा थांब म्हटलं. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही, दहावीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिचडीवाल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. पाचवीची पोरं बाकावर चुळबुळत होती, दोघांना लघवीला जायचं होतं, त्यांना मी मागच्या दारानं सोडलं. सरांनी दोन तास मागितले होते. दोन तास झाले तेव्हा ते स्वतःच दहावीच्या दारात आले आणि शिपायाला म्हणाले, "काहून गा, घंटा बिघडली का?"

खिचडी पार थंड झाली होती. पाचवीनं माझ्याकडे तक्रार केली, आणि त्यांचं बरोबर होतं.